धाग्याचे बळ त्याच्या आतल्या मांडणीत

भीमा नदीवर माढा तालुक्यातील उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाने करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील काठावरच्या गावांचे जीवन पार पालटून टाकले. जुनी गावठाणे पाण्याखाली गेली, जिराईत माळावर ऊस आणि केळी उभी राहिली, मासेमारी हा शेकडो कुटुंबांचा व्यवसाय झाला. या बदलाबरोबर काठावरच्या माणसाच्या हातातला धागाही बदलत गेला. अंबाडीच्या आणि घायपाताच्या दोरांची जागा नायलॉनने घेतली. कंदर परिसरात केळीचे घड परदेशी रवाना झाल्यावर शेतात उरणाऱ्या बुंध्यांतून तंतू काढण्याच्या गोष्टी निघू लागल्या. आणि अलीकडे उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या रूपाने कार्बन तंतू, म्हणजेच कार्बन फायबर, थेट बांधावर येऊन पोहोचला.

केळीचा तंतू, नायलॉन आणि कार्बन यांचे मूळ निरनिराळे आहे, किंमत निरनिराळी आहे. परंतु त्यांच्या बळाचे गमक एकच आहे. धागा कोणत्या द्रव्याचा बनला आहे, याला महत्त्व आहेच. पण त्याहून अधिक महत्त्व त्या द्रव्याचे कण आत कसे मांडले गेले आहेत, याला आहे. पेन्सिलीतील शिसे म्हणजे प्रामुख्याने ग्रॅफाईट, अर्थात कार्बनच. ते बोटांनी सहज मोडते. त्याच कार्बनचा तंतू मात्र साध्या पोलादाच्या कित्येक पट भार पेलतो. मूलद्रव्य तेच, मांडणी वेगळी. ही मांडणी समजून घेतली म्हणजे कोणता धागा कोणत्या कामाचा आणि कुठे तो दगा देईल, याचा अंदाज शेतकऱ्यालाही घेता येतो.

बळ, ताठरपणा आणि चिवटपणा

आपण बोलताना 'मजबूत' हा एकच शब्द वापरतो. शास्त्रज्ञ मात्र त्यात तीन वेगळे गुण पाहतात. किती भाराला धागा तुटतो, हे त्याचे ताणबळ. ठरावीक भाराला तो किती कमी लांबतो, हा त्याचा ताठरपणा. आणि तुटण्यापूर्वी तो किती धक्का पचवतो, हा त्याचा चिवटपणा. हे तीनही गुण एकाच धाग्यात उच्च प्रतीचे असणे फार दुर्मीळ आहे.

तुलनेसाठी प्रत्येक धाग्याचा छेद एक चौरस मिलिमीटर आहे, असे समजू. असे साधे बांधकामाचे पोलाद सुमारे ४० ते ४५ किलो भाराला तुटते. पुलांच्या काँक्रीटमध्ये ताणून बसवतात ती खास पोलादी तार सुमारे १९० किलो पेलते. नारळाचा काथ्या १५ ते २० किलो, केळीचा तंतू प्रयोगशाळेतील चाचणीत साधारण ५० ते ८० किलो, तर नायलॉनचा चांगला धागा ६० ते ९० किलो. विमानबांधणीत दीर्घकाळ वापरला गेलेला नेहमीचा कार्बन तंतू सुमारे ३६० किलो, आणि अत्यंत निवडक प्रतीचा तंतू ७०० किलोपर्यंत भार घेतो. शिवाय पोलाद पाण्याच्या जवळपास आठपट जड, तर कार्बन तंतू जेमतेम पावणेदोन पट. हवेत उडणाऱ्या कोणत्याही यंत्राला त्याचे आकर्षण का वाटते, हे यावरून ध्यानात येईल.

सोलाचा पीळ आणि आतला पीळ

अंबाडीचा सोल काढून त्याचे चऱ्हाट, कासरा, दावे वळणे ही ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी कारागिरी आहे. मातंग समाजातील कारागिरांनी ती पिढ्यानुपिढ्या जपली. दोराला पीळ किती द्यावा, याचे त्यांचे गणित पक्के असते. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून घसरतात. अति झाला तर तंतू दोराच्या दिशेला तिरपे होतात आणि दोराचे बळ घटते. विशेष म्हणजे निसर्गानेही वनस्पतीच्या प्रत्येक तंतूच्या आत असाच पीळ दिलेला आहे.

वनस्पतीच्या तंतूचे मुख्य द्रव्य सेल्युलोज. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकत्र येऊन अतिसूक्ष्म दोऱ्या बनतात आणि या दोऱ्या पेशीच्या भिंतीत मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. हे मळसूत्र तंतूच्या लांबीशी किती अंशांचा कोन करते, यावर तंतूचा स्वभाव ठरतो. केळीच्या तंतूत हा कोन सुमारे ११ ते १२ अंश, म्हणजे दोऱ्या जवळजवळ सरळ. त्यामुळे ओढताच भार थेट सेल्युलोजच्या साखळ्यांवर येतो. तंतू बळकट ठरतो, पण फारसा लांबत नाही. काथ्यात हा कोन ३० अंशांहून अधिक असतो. काथ्या ओढला की आधी त्याचे मळसूत्र स्प्रिंगसारखे उलगडते. म्हणून तो कमी भाराला तुटत असला तरी तुटण्यापूर्वी १५ टक्क्यांहून अधिक, कधी कधी त्याच्या दुपटीने लांबतो आणि धक्के पचवतो. पायपुसणी, गाद्या आणि नावेचे दोर यांसाठी काथ्या का निवडला गेला, याचे उत्तर त्या कोनात आहे.

सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांना ठाऊक असलेला कापूस घ्या. कापसाइतके शुद्ध सेल्युलोज निसर्गात क्वचितच सापडते. तरीही जवसाच्या खोडापासून निघणारा तंतू कापसाहून बळकट असतो, कारण त्यातील दोऱ्या अधिक सरळ रेषेत आहेत. द्रव्याच्या शुद्धतेवर मांडणीने केलेली ही मातच म्हणायची.

ओढल्याने बळ येते

निसर्ग जे पेशीत घडवतो, ते माणसाने कारखान्यात साधले. नायलॉनचा शोध अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली लागला. वितळलेल्या नायलॉनची धार काढली की त्याच्या रेणूंच्या साखळ्या शेवयांच्या गुंत्याप्रमाणे विस्कटलेल्या असतात. असा धागा लेचापेचा असतो. तोच धागा चार-पाच पट ताणला की साखळ्या लांबीच्या दिशेने सरळ होतात, एकमेकींना घट्ट बिलगतात आणि धाग्याचे बळ कित्येक पटींनी वाढते. उजनीत चिलापी, रोहू, कटला पकडणारे जाळे या ताणण्याच्या क्रियेवरच उभे आहे.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. शेतमाल बांधायची प्लॅस्टिकची चपटी सुतळी हाताने ओढून तोडण्याचा प्रयत्न करावा. बोटे कापतील, पण ती सहसा तुटणार नाही. तीच सुतळी नखाने उभी फाडावी. एका क्षणात तिच्या चिंध्या होतात. ताणल्यामुळे सर्व साखळ्या एकाच दिशेला लागल्या, त्यामुळे त्या दिशेला बळ आले आणि आडव्या दिशेला उणेपण आले. कार्बन तंतूचे सारे सामर्थ्य आणि सारा धोका या सुतळीत दिसतो.

नायलॉनचा एक शत्रू मात्र उन्हातच आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या साखळ्या जागोजागी तोडत राहतात. वरून जाळे तसेच दिसते, पण आतील साखळ्या आखूड झाल्याने ते कमजोर होते. म्हणून जाळे वाळवताना दिवसभर कडक उन्हात पसरून ठेवण्यापेक्षा सावलीत वाळवणे हिताचे. आणि निकामी झालेले जाळे पाण्यात सोडून दिले तर ते मासे आणि पाणपक्षी अडकवत राहते, हेही विसरता कामा नये.

चुरगळलेल्या कागदांची रास

आता कार्बनकडे वळू. ग्रॅफाईटमध्ये कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्यांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. एका पापुद्र्यातील अणूंचे बंध निसर्गातील अत्यंत बळकट बंधांपैकी आहेत. दोन पापुद्र्यांमधील आकर्षण मात्र फार क्षीण असते. पेन्सिल कागदावर घासली की पापुद्रे एकमेकांवरून घसरून कागदावर उतरतात. तेच आपले अक्षर. म्हणजे बळ आहे, पण ते पापुद्र्यात कोंडलेले आहे. सर्व पापुद्रे तंतूच्या लांबीच्या दिशेने उभे करता आले आणि त्यांचे घसरणे रोखता आले, तर काम फत्ते.

हे साधण्याचा मार्ग जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास दाखवला. त्यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राईल या द्रव्याचा धागा निवडला. स्वेटरसाठी वापरली जाणारी अ‍ॅक्रिलिक लोकर ही त्याचीच जवळची नातलग. पुढे इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत विल्यम वॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात धागा ताणून धरत तापवण्याची पद्धत विकसित केली. प्रथम हा धागा हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवतात. त्यामुळे त्याच्या साखळ्या शिडीप्रमाणे एकमेकींना जोडल्या जातात आणि पुढे तो वितळत नाही. नंतर नायट्रोजन वायूत १००० ते १५०० अंशांपर्यंत तापवून कार्बनखेरीज बहुतेक सारे घटक उडवून लावतात. धाग्याचे जवळपास निम्मे वजन या भट्टीत जाते. उरतो तो पाच ते सात सहस्रांश मिलिमीटर व्यासाचा काळाभोर तंतू. आपल्या केसाच्या दशांश जाडीचा.

या तंतूच्या आत डोकावले तर पापुद्रे लांबीच्या दिशेने लागलेले दिसतात. परंतु ते ग्रॅफाईटसारखे नीट रचलेले नसतात. ते सुरकुतलेले, एकमेकांत गुंतलेले आणि वेडेवाकडे वळलेले असतात. कोऱ्या कागदांचा गठ्ठा तिरपा केला तर कागद घसरून पडतात. तेच कागद चुरगळून दाबले तर ते एकमेकांना धरून ठेवतात. कार्बन तंतूचे बळ या सुरकुत्यांत आहे. इथे काटेकोर शिस्तीपेक्षा थोडी अव्यवस्था उपयोगी पडते.

याचा पुरावा भट्टीतच मिळतो. तंतू २००० अंशांच्या वर नेला की पापुद्रे मोठे व सरळ होतात, सुरकुत्या विरतात आणि ताठरपणा वाढत जातो. नेहमीच्या कार्बन तंतूचा ताठरपणा पोलादाहून थोडासाच अधिक असतो, तर डांबरासारख्या पदार्थापासून बनवून अतिउच्च तापमानाला नेलेल्या तंतूचा पोलादाच्या चौपटीच्याही वर जातो. परंतु अ‍ॅक्रिलिकपासून बनलेल्या तंतूचे ताणबळ सुमारे १५०० अंशांनंतर उतरू लागते. शिस्तीत लागलेल्या मोठ्या स्फटिकांतून तडा बिनअडथळा धावतो. म्हणूनच उत्पादकाला ताठरपणा हवा की बळ, याची निवड आधीच करावी लागते.

तिसरा मुद्दा दोषांचा. इंग्लंडचे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेच्या तंतूंवरून दाखवून दिले की, ठिसूळ पदार्थ त्याच्या सरासरी बळाने नव्हे, तर त्यातील सर्वांत मोठ्या चिरेने तुटतो. कार्बन तंतूतही धुळीचा एक कण, एखादी सूक्ष्म पोकळी घातक ठरते. कार्बनच्या एका निर्दोष पापुद्र्याचे बळ पाहता आजचा उत्तम तंतूही त्याच्या वीसाव्या हिश्श्याच्याच आसपास पोहोचतो. गेल्या पन्नास वर्षांत तंतूचे बळ दुपटीने वाढले, त्यामागे मूळ द्रावण अधिक स्वच्छ गाळणे आणि तंतू अधिक बारीक काढणे यांचा मोठा वाटा आहे.

बळाची दुसरी बाजू

सुतळीचा धडा येथे आठवावा. लांबीच्या दिशेने राक्षसी बळ असलेला हा तंतू आडव्या आघाताला आणि दाबाला तितका समर्थ नाही. तो दाबला की पापुद्रे वाकून दुमडतात. म्हणून एकटा तंतू कधी वापरत नाहीत. रेझीनमध्ये भिजवलेल्या तंतूंचे थर निरनिराळ्या दिशांना, प्लायवूडप्रमाणे, एकावर एक बसवतात. भारताच्या तेजस लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाच्या सुमारे ४५ टक्के भाग अशा संमिश्र द्रव्यांचा आहे.

या थरांना न ओळखल्याची किंमत जगाने मोजली आहे. रोल्स-रॉईस कंपनीने आरबी-२११ या विमान इंजिनासाठी कार्बन तंतूंची पाती बनवली होती. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती १९७० मध्ये टिकली नाहीत आणि टायटेनियमची पाती बसवावी लागली. या इंजिनाच्या वाढत गेलेल्या खर्चाने कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. अगदी अलीकडे, १८ जून २०२३ रोजी, टायटॅनिकचे अवशेष पाहण्यास निघालेली टायटन ही पाणबुडी समुद्राच्या दाबाने चिरडली गेली आणि पाचही जणांचा अंत झाला. तिचे नळकांडे कार्बन तंतूंचे होते. आधीच्या सफरींतच त्याचे थर आतून सुटू लागल्याचे तपासात आढळले.

उजनीच्या काठाशी या गोष्टींचा संबंध आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. डोक्याएवढ्या उसात माणसाला शिरता येत नाही, तिथे हे यंत्र काम करते. फवारणीच्या ड्रोनचे हात बहुधा कार्बन तंतूंच्या नळ्यांचे असतात. लोखंडी अवजार जास्त भार आला की आधी वाकते, म्हणजे पूर्वसूचना देते. कार्बनची नळी वाकून राहत नाही. झाडाला धडकून पडलेल्या ड्रोनची नळी वरून धड दिसते, पण आत थर सुटलेले असू शकतात, आणि पुढच्या उड्डाणात भरलेल्या टाकीसह ती अचानक तुटते.

यास्तव काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ड्रोन आपटल्यावर नळीवर नाण्याने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर ती जागा संशयास्पद समजून नळी बदलून घ्यावी. मात्र आवाज ठीक आला म्हणजे नळी निर्दोष, असे खात्रीने म्हणता येत नाही. जोराचा आघात झाला असेल तर जाणकाराकडून तपासणी करावी. नळीला घरी भोक पाडू नये, कारण भोकाने भार वाहणारे तंतूच कापले जातात. बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळू नये. त्याने नळी दाबाखाली चिरडते. तुटलेला तुकडा घासताना उडणारी धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. आणि कार्बन हा विजेचा वाहक आहे, हे ध्यानी ठेवून तुटलेला ड्रोन तारांवर अडकला तर काठीने काढण्याचा खटाटोप न करता वीज कर्मचाऱ्यांना बोलवावे.

केळीच्या बुंध्याचे काय?

शेवटी प्रश्न उरतो तो बांधावर कुजणाऱ्या बुंध्यांचा. त्यातून कार्बन तंतू बनवता येईल का, असे कुतूहलाने विचारले जाते. तत्त्वतः वनस्पतीच्या धाग्याचा कार्बन होतो. एडिसन यांनी १८७९ साली जाळलेल्या सुती दोऱ्याचीच विजेच्या दिव्यातील तार केली होती. परंतु सेल्युलोज तापवले की त्यातील ऑक्सिजन व हायड्रोजन निघून जाताना मूळ वजनाचा मोठा भाग नाहीसा होतो आणि साखळ्यांची सुबक मांडणी विस्कटते. ती पुन्हा लावायची तर अतिउच्च तापमानाला तंतू ताणावा लागतो, आणि तो खर्च परवडत नाही. केळीच्या सोपटातून कार्बन तंतूची स्वप्ने कोणी विकत असेल, तर सावध असलेले बरे.

परंतु म्हणून तो तंतू टाकाऊ ठरत नाही. केळीचाच भाऊबंद असलेल्या अबाका या फिलिपीन्समधील झाडाच्या तंतूंचे मनिला दोर जहाजांवर शतकभर वापरात होते. जपानच्या चलनी नोटांच्या कागदात अबाका असतो. मर्सिडीझ-बेंझने २००० च्या दशकात मोटारीच्या अतिरिक्त चाकाच्या झाकणासाठी तो वापरला. केळीच्या तंतूची आतील रचना अशाच कामांना अनुकूल आहे. दोर, चटया, पिशव्या, टिकाऊ कागद, हलकी पत्र्यासारखी तावदाने ही त्याची हक्काची जागा. सतत पाण्यात राहणारे काम मात्र त्याचे नव्हे. काथ्याला कुजण्यापासून वाचवणारे लिग्निन त्यात बरेच कमी असते.

व्यवहाराचे गणितही मांडणीतूनच येते. बुंध्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचे. शंभर किलो बुंध्यातून हाती येणारा सुका तंतू एक-दीड किलोच्या आसपास. ओला बुंधा दूरच्या कारखान्यात वाहून नेणे म्हणजे पाणीच वाहून नेणे होय. तेव्हा तंतू काढण्याचे यंत्र शेताजवळ हवे, ते गावाने किंवा गटाने मिळून घ्यावे, आणि उरलेला चोथा व पाणी पुन्हा जमिनीत जावे. आधी खरेदीदार, मग यंत्र, हा क्रम ठेवला तर फसगत टळेल.

गवतापासून विमानापर्यंत सर्वत्र एकच नियम दिसतो. धाग्याला ज्या दिशेने बळ मिळाले, त्या दिशेनेच त्याला राबवावे. दोर वळणाऱ्या कारागिराला हे फार पूर्वीच कळले होते. ड्रोन हाताळणाऱ्या त्याच्या लेकी-सुनांनाही ते ठाऊक असलेले बरे.